बेपत्ता झाले नाहीत, बेपत्ता केले!



जत्रेत पोर हरवतं. रानात चरायला गेलेली म्हैस दोन-दोन दिवस सापडत नाही. त्याला हरवणं म्हणतात. पण गाडी घेऊन शिपाई येतात, हातातल्या यादीवरची नावं वाचतात, त्याच नावांची माणसं बायकापोरांच्या डोळ्यांदेखत बांधून नेतात, आणि दुसऱ्या दिवशी छावणीवर विचारायला गेलं तर “असा कोणी इथं आलाच नाय” असं सांगतात, त्याला काय म्हणायचं? सरकारी कागदात त्यालाही ‘बेपत्ता झाला’ असंच लिहितात. जसा काही तो आपल्याच पायानं उठून कुठंतरी निघून गेला.

आमचं म्हणणं सरळ आहे. बेपत्ता झाला लिहू नका, बेपत्ता केला लिहा. ‘केला’ म्हटलं की लगेच पुढचा सवाल येतो: कोणी केला? तो सवाल नको असतो, म्हणून ‘झाला’.

हे लिहायचं कारण ग्वाटेमाला नावाचा देश. मेक्सिकोच्या खाली, दोन अमेरिकांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीत, महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. तिथले मूळचे लोक म्हणजे माया. एक जमात नव्हे, किचे, केक्ची, काक्चिकेल अशा कितीतरी, वीसहून जास्त भाषा बोलणाऱ्या. डोंगरउतारावर मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावणारे. या लोकांच्या मुलखात 1960 ते 1996 अशी छत्तीस वर्षं यादवी युद्ध चाललं. एका बाजूला लष्कर, दुसऱ्या बाजूला डोंगरातले बंडखोर गनीम, आणि मधे गावं. दोन लाखांवर माणसं मेली किंवा गायब झाली. गायब केलेल्यांचा आकडा 45,000 च्या आसपास सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं नेमलेल्या सत्यशोधन आयोगानं 1999 साली अहवाल दिला. ओळख पटलेल्या बळींपैकी शंभरातले 83 माया होते, आणि शंभरातले 93 अत्याचार सरकारी फौजेनं आणि तिच्या पोसलेल्या टोळ्यांनी केलेले होते. गनिमांच्या वाट्याला 3 आले. “दोन्हीकडून मारलं गेलं, कुणाकुणाला दोष देणार?” असं जे शहाणे म्हणतात त्यांनी हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून बघावेत.

आता हे युद्ध कशाचं होतं? विचारवंत सांगतात, कम्युनिस्ट आणि त्यांच्या विरोधकांचं. ते खोटं नाही, पण त्यानं अर्धंच कळतं. त्याच्या मुळाशी गेलं की जमीन लागते. गेल्याच्या आधीच्या शतकात, 1870 नंतर, तिथल्या सरकारनं गावांच्या सामाईक जमिनी काढून कॉफीच्या मळेवाल्यांना दिल्या. केक्ची लोकांच्या डोंगरात जर्मन मळेवाले येऊन बसले. ज्याची जमीन होती तोच त्या जमिनीवर वेठीला लागला. कायद्यानं! भूमिहीन माणसानं वर्षाला ठराविक दिवस दुसऱ्याच्या मळ्यात राबलंच पाहिजे, नाहीतर तो ‘भटक्या’ ठरून तुरुंगात जाणार. 1944 साली तिथली हुकूमशाही पडली आणि त्यानंतर ही वेठ मोडली. पुढच्याच साली आपल्या तलासरी-डहाणूकडच्या वारल्यांनी वेठीला नाय म्हटलं, हे आपल्या म्हाताऱ्यांनी आपल्याला सांगितलेलंच आहे.

1952 साली हाकोबो आर्बेंस या राष्ट्राध्यक्षानं कसेल त्याची जमीन म्हणता येईल असा कायदा केला. मोठ्या मालकांची पडीक जमीन काढून साधारण एक लाख कुटुंबांना दिली. त्या पडीकातली पुष्कळ एका अमेरिकन केळी कंपनीची होती, युनायटेड फ्रूट तिचं नाव. 1954 साली अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानं घडवून आणलेल्या बंडात आर्बेंस गेला आणि दिलेली जमीन परत काढून घेतली. सहा वर्षांनी युद्ध सुरू झालं. जमीन दिली, परत घेतली, मग युद्ध. हा क्रम लक्षात ठेवा.

पोलोचिक नावाच्या नदीचं खोरं आहे. केक्ची लोकांचा मुलूख. 29 मे 1978 रोजी त्या खोऱ्यातल्या पानसोस गावच्या चौकात शेकडो माणसं, बाया, पोरं जमली. मागणी काय, तर आमच्या जमिनीचं बोला. पुढं एक आजी होती, आदेलिना काल, लोक तिला मामा माकीन म्हणत. सैनिकांनी चौकात गोळ्या घातल्या. आयोगाच्या नोंदीप्रमाणे 53 मेले, ती आजीही त्यात. प्रेतं एका खड्ड्यात घातली. तो खड्डा कायद्यानं उकरायला एकोणीस वर्षं लागली.

त्याच खोऱ्यात सेपुर सार्को नावाची वाडी आहे. तिथल्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या जमिनीचा कागद मिळावा म्हणून हालचाल सुरू केली होती. अर्जच तर केला होता! बंदूक नाही, बाँब नाही. सरकारच्याच कचेरीत, सरकारच्याच नियमानं. आसपासच्या मळेवाल्यांना ते सहन झालं नाही. 1982 साली फौज आली आणि या पुरुषांना उचलून घेऊन गेली. मग त्याच वाडीला लष्कराची छावणी बसली. छावणी कसली, तर सैनिकांना आराम करायला. ज्यांचे नवरे नेले त्या बायांना तिथं पाळी लावली, दर तिसऱ्या दिवशी. स्वयंपाक करायचा, कपडे धुवायचे, आणि सैनिकांनी बलात्कार करायचे. सैनिकांच्या भाकरीचा मका आणि धुण्याचा साबणसुद्धा बायांनी आपल्या पदरचा आणायचा. हे महिनोन्‌महिने चाललं, कुणाच्या बाबतीत वर्षांवर गेलं. छावणी हलली 1988 साली. ज्या बाया पाळीला नको म्हणून डोंगरात पळाल्या, त्यांची पोरं तिथं उपाशी मेली.

छावणी उठल्यावरही गावातल्याच लोकांनी या बायांना नावं ठेवली. हे लिहायला जड जातं, पण लिहिलंच पाहिजे. कारण बेपत्ता करणाऱ्याला नुसता माणूस न्यायचा नसतो, त्याला गाव फोडायचं असतं.

गाव फोडायची तऱ्हाही समजून घ्या. लष्करानं गावागावात ‘नागरी गस्त’ काढली. प्रत्येक बाप्यानं काठी नाहीतर जुनी बंदूक घेऊन पाळीनं पहारा द्यायचा, आपल्याच शेजाऱ्यांवर. न देणारा तो गनिमांचा. 1980 नंतरच्या काही वर्षांत आठ-नऊ लाख माणसं या गस्तीत जुंपली होती. वर गावागावात एक ‘लष्करी कमिशनर’. नाव मोठं, पण माणूस गावातलाच. कोण सभेला जातो, कोणाच्या घरी रात्री पाहुणा आला, जमिनीच्या अर्जाची खटपट कोण करतो, हे तो छावणीवर कळवायचा. कधी डोक्यावर बुरखा घातलेला माणूस गाडीत बसवून आणायचे, रांगेत उभ्या केलेल्यांपैकी तो बोटानं दाखवायचा. बोट ज्याच्याकडं वळलं तो गेला. बुरख्याआडचा कोण हे गावाला कळू नये, म्हणजे गाव सगळ्यांवरच संशय घेईल.

मारून टाकलं असतं तर निदान प्रेत मिळालं असतं, असं आपण म्हणतो. पण बरोबर म्हणूनच प्रेत देत नाहीत. प्रेत असलं की जखम दिसते. जखम दिसली की पंचनामा. लोक जमतात, माती देतात, त्या मातीवर शपथ घेतात. प्रेत नसलं की काहीच नाही. बायको विधवा नाही आणि सवाष्णही नाही. मृत्यूचा दाखला नाही म्हणून नवऱ्याच्या नावची जमीन तिच्या नावावर चढत नाही. दिवस घालता येत नाहीत, घातले तर आपणच त्याला मारल्यासारखं वाटतं. माया लोक नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आपल्या मेलेल्यांच्या थडग्यांवर फुलं, मेणबत्त्या, खाणं घेऊन जातात. या घरांनी कुठं जायचं? आणि बाकीच्या गावाला भीती अशी की अर्जाचा ‘अ’ कोणी काढत नाही. एका माणसाला गायब करून पन्नास अर्ज गप्प बसवता येतात. स्वस्तातलं काम आहे.

कचेरीत काय उत्तर मिळायचं? डोंगरात गनिमांकडं गेला असेल. मेक्सिकोला पळाला असेल. दुसरी बाई केली असेल. ही उत्तरं देणारा साहेब कुठल्याही देशातला असो, त्याची वही एकच असते असं वाटतं. कोर्टात ‘माणूस हजर करा’ असे अर्ज लोकांनी ढिगानं केले. हजर कोणी झालं नाही. 1984 साली राजधानीत बेपत्ता केलेल्यांच्या घरच्यांनी मिळून एक गट काढला, परस्पर मदत गट, त्यात शहरातल्या बाया होत्या आणि पुढं गावाकडच्या माया बायाही आल्या. पुढच्याच वर्षी गटाच्या दोन पुढाऱ्यांना मारलं. त्यातली रोसारियो गोदोय ही तरुण बाई, तिच्याबरोबर तिचा भाऊ आणि तिचं लहान लेकरू. सरकारनं सांगितलं, गाडीचा अपघात.

तरी गट मोडला नाही. 1988 साली रोसालिना तुयुक या काक्चिकेल बाईनं विधवांची संघटना उभी केली, कोनाविगुआ. तिच्या बापाला आणि नवऱ्याला लष्करानं असंच नेलेलं. या बायांनी दोन गोष्टी हातात घेतल्या: आमच्या पोरांना जबरीनं फौजेत आणि गस्तीत नेऊ नका, आणि आमची माणसं कुठं पुरलीत ती जमीन उकरा. कोमालापा गावाजवळच्या जुन्या छावणीच्या जागेत खोदलं तर 220 सापळे निघाले. कोबान शहराच्या लष्करी तळावर 2012 पासून खोदकाम झालं. साडेपाचशेच्या वर सापळे, कित्येकांच्या डोळ्यांवर पट्टी, हातापायाला दोरी, लहान मुलंसुद्धा. आणि हा तळ तेव्हा कशासाठी वापरात होता माहीत आहे? परदेशी पाठवायच्या शांतिसैनिकांचं शिक्षण द्यायला. वर शांतीचे धडे, खाली हाडं. हाडांचा आणि नातेवाइकांच्या थुंकीचा मेळ घालून शंभरावर माणसांची नावं लागली. म्हणजे ज्यांना “आलेच नाय” म्हटलं, ते सगळा वेळ तळाच्या मातीतच होते.

आता कायद्याचा भाग. तो जरा नीट वाचा, कारण इथं या बायाबापड्यांनी जे मिळवलं ते मोठमोठ्या वकिलांना सुचलं नव्हतं असं आम्हाला वाटतं.

1996 साली ग्वाटेमालात कायदा झाला की सरकारी माणसानं किंवा त्याच्या हुकमानं कोणाला पळवून त्याचा ठावठिकाणा लपवणं हा वेगळा गुन्हा. पण माणसं नेली 1982-83 साली. आरोपींचे वकील हसले. गुन्हा घडला तेव्हा हा कायदाच नव्हता, आता कसा लावता? चोआतालुम गावचा खटला यावरच अडला. तिथल्या फेलिपे कुसानेरो या माजी लष्करी कमिशनरवर सहा काक्चिकेल शेतकऱ्यांना 1982 ते 1984 या काळात गायब केल्याचा आरोप होता. प्रश्न देशाच्या घटनात्मक कोर्टापर्यंत गेला. 2009 साली कोर्टानं सांगितलं की हा गुन्हा त्या एका रात्री संपत नाही. माणूस किंवा त्याचं प्रेत सापडत नाही तोवर तो रोज चालूच आहे. आज सकाळीही चालू आहे. म्हणून आजचा कायदा त्याला लागू. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कुसानेरोला शिक्षा झाली, एकेका माणसामागं 25 वर्षं, मिळून 150 वर्षं. या गुन्ह्याखाली त्या देशात झालेली ही पहिली शिक्षा. घरच्यांनी पंचवीस वर्षं धरून ठेवलेली नावं, तारखा, कोणी पाहिलं, कोणत्या वाटेनं नेलं, एवढ्यावर ती उभी राहिली.

“जुन्या जखमा कशाला उकरता” म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर आम्हाला ठाऊक नाही. जखम जुनी नाहीच मुळी. रोज नवी होते. ती जुनी करायची असेल तर सोपा उपाय आहे: माणूस कुठं पुरला ते सांगा.

सेपुर सार्कोच्या बायांनी 2011 साली फिर्याद दिली. तोवर त्या आज्या झाल्या होत्या. पंधरा आज्या, पुष्कळांना स्पॅनिश येत नव्हतं, कोर्टात दुभाष्या लागला. लोकांनी नावं ठेवली होती म्हणून डोक्यावरून शाल ओढून चेहरा झाकून बसत. अशाच त्या सुनावणीला बसल्या. शेजारच्या तिनाहास मळ्यावर खोदून काढलेली हाडं खोक्यांत भरून कोर्टात आणली होती. 26 फेब्रुवारी 2016 रोजी निकाल लागला. छावणीचा माजी अधिकारी एस्तेल्मेर रेयेस याला 120 वर्षं. माजी लष्करी कमिशनर एरिबेर्तो वाल्देस याला 240 वर्षं, त्यात सात बायांचे सात नवरे गायब केल्याची शिक्षा धरलेली. युद्धात बायांना गुलाम केल्याचा खटला जिथं गुन्हा घडला त्याच देशाच्या कोर्टात चालून शिक्षा झाली, असं जगात आधी झालं नव्हतं.

निकालात कोर्टानं दवाखाना सांगितला, शाळा सांगितली, आणि आणखी एक हुकूम केला जो वाचून आम्ही थांबलो. नवऱ्यांनी सुरू केलेला जमिनीचा अर्ज पुढं चालवा. चौतीस वर्षांनी! कोर्टालाही कळलं होतं की भानगडीचं मूळ तो अर्ज आहे. निकालानंतर फिरता दवाखाना आला, भरपाईचे पैसे आले. जमिनीचं मात्र दोन वर्षं उलटून गेली तरी घोडं अडलेलंच होतं. माणूस गायब केल्याबद्दल शिक्षा द्यायला सरकार कसंबसं तयार झालं, जमीन द्यायला नाही.

आणि शिक्षासुद्धा पुसायचे डाव चालू असतात. 2019 साली तिथल्या संसदेत एक विधेयक आलं होतं की युद्धातल्या सगळ्या गुन्ह्यांना माफी द्या, शिक्षा झालेल्यांना चोवीस तासांत सोडा. नाव काय, तर ‘राष्ट्रीय समेट’. अमेरिका खंडाच्या मानवी हक्क कोर्टानं ते थांबवायचा हुकूम दिला, गावागावातून बाया रस्त्यावर आल्या, तेव्हा ते अडलं. समेट दोघांत होतो. इथं एकाचा पत्ताच नाही, मग समेट कोणाशी?

आपल्याकडं तसं युद्ध नाही, आणि उगाच बरोबरी लावू नये. पण जमिनीचा दावा करणाऱ्याला पहाटे उचलून नेणं, घरच्यांना दोन-तीन ठिकाणी नाचवणं, नोंद न करणं, हे आपल्याला अगदीच परकं नाही. म्हणून एवढं माहीत असू द्या. घटनेच्या 22 व्या कलमाप्रमाणे अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलंच पाहिजे. डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टानं 1996 साली सांगितलंय की अटक करताना तारीख-वेळ घालून कागद करायचा, त्यावर घरच्याची नाहीतर गावातल्या माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची, कुठं ठेवलंय ते घरच्यांना कळवायचं. नेणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नावाची पट्टी पाहिजे. तो कागद मागा. नाय दिला तर कोण आलं, किती वाजता, गाडीचा नंबर, कोणी पाहिलं, हे त्याच दिवशी गावच्या वहीत लिहा आणि चार जणांच्या सह्या-अंगठे घ्या. माणूस सापडत नसेल तर हायकोर्टात ‘माणूस हजर करा’ हा अर्ज करता येतो, तो घरच्यांनी किंवा संघटनेनं केला तरी चालतो. वनहक्काच्या दाव्यांच्या पोच एका घरात ठेवू नका. झेरॉक्स काढून दुसऱ्या वाडीत ठेवा.

आणि एक उणीव. जबरीनं बेपत्ता करण्याविरुद्ध जगातल्या देशांनी 2006 साली करार केला. भारत सरकारनं 6 फेब्रुवारी 2007 रोजी त्यावर सही केली. मंजुरी अजून दिलेली नाही, आणि आपल्या फौजदारी कायद्यात हा वेगळा गुन्हाही नाही. लावलंच तर अपहरण लावतात, जसा काही खंडणीसाठी शेठजीचा पोरगा पळवला. ग्वाटेमालासारख्या देशानं जो कायदा 1996 साली केला तो करायला आपल्याला काय अडतं, हे कोणी तरी सांगावं.

येत्या गावसभेत हा ठराव मांडा, शब्द आपापल्या बोलीत फिरवून घेतले तरी चालतील: “सरकारी माणसानं किंवा त्याच्या पाठबळानं कोणाला उचलून त्याचा ठावठिकाणा लपवणं हा वेगळा गुन्हा धरावा, माणूस सापडेपर्यंत तो चालू समजावा, आणि 2007 साली सही केलेल्या कराराला भारत सरकारनं मंजुरी द्यावी, अशी ही गावसभा मागणी करते.” ठरावावर बायांच्याही सह्या-अंगठे पाहिजेत. एक प्रत तहसीलदाराला द्या आणि पोच घ्या, दुसरी संघटनेच्या कचेरीत आणून द्या, तिसरी गावच्या वहीला टाचा.

जिंदाबाद.